डॅडींना पिक्चर सांगताना

गॅरी, इंडियाना
१४ सप्टेंबर १९९१

थर्मन,

फोनवर तू "बघू" म्हणालास आणि फोन ठेवलास. म्हणून लिहिते. कागदावर "बघू" लिहायला निदान पेन शोधावं लागतं.

गुडघा बदलायचा आहे. डॉक्टर म्हणतो, जानेवारीच्या पुढे ढकलू नका. नंतर सहा आठवडे उभं राहायचं नाही, जिना नाही, ओझं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरातून रजा मिळेल. अर्लीन म्हणते, चुलत बहिणीकडे येऊन पड, माझ्या घराला जिना नाही. पण काकांना आणू नकोस, म्हणते. तिच्याकडे आधीच तीन नातवंडं आहेत आणि एकच संडास. तिचं खरं आहे. माझा डॅरेल फौजेत, जर्मनीत. तेव्हा उरलास तू. सहा आठवडे ये. एवढंच मागते आहे.

काम काही अवघड नाही. सकाळचं इंजेक्शन, संध्याकाळचं इंजेक्शन, पायांची बोटं रोज तपासायची. जेवण ते मुकाट जेवतात. खरं काम जेवणानंतर सुरू होतं. डॅडींना टीव्हीवरचं पिक्चर सांगायचं.

शुगरनं डोळे गेले तेव्हा आधी आई सांगायची. तिचं पिक्चर तीन वाक्यांत संपायचं. "हा वाईट आहे. ती रडतेय. झालं, झोपा आता." आई गेल्यावर मी नीट सांगायला लागले, ही माझी चूक. आता त्यांना खोलीतला पडदासुद्धा कुठल्या रंगाचा ते लागतं. दिवसभर चारशे मुलांना वाढून यायचं आणि मग गोऱ्या बायकांचे झगे सांगत बसायचं.

फोन अजून तसेच येतात. अर्लीनचा, नाही तर चर्चमधल्या कुणाचा. "पाच नंबर लाव, पळ, आपलं माणूस लागलंय!" लंगडत जावं, तर आपलं काळं माणूस दार उघडतं, पाहुण्याचा कोट हातात घेतं आणि निघून जातं. मोठं काम असलं तर मरतं. लहानपणी आपण पैज लावायचो, आठवतं? किती वेळात मरेल. तू नेहमी जिंकायचास.

मी मरू देत नाही. गोळी लागली की सांगते, दंडाला चाटून गेली. पुढं तो दिसतच नाही, मग सांगते, कॅन्सस सिटीला बहिणीकडे गेला. डॅडी म्हणतात, "बरं झालं." इतक्या वर्षांत मी कॅन्सस सिटीला पुष्कळ माणसं पाठवली.

थकले मी, थर्मन. कधी येतोस ते लिही.

व्हेल्डा

*

ओकलंड, कॅलिफोर्निया
२ ऑक्टोबर १९९१

व्हेल्डा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. जानेवारीचं आत्ताच सांगता येत नाही. संग्रहालयात माणसं कमी केली आहेत आणि जुन्या रिळांची डागडुजी अर्धी राहिली आहे. मी प्रयत्न करतो.

सोबत खोका पाठवतोय. पाच कॅसेटी आहेत. आपल्या माणसांनी काढलेली पिक्चरं. कॅमेऱ्यापुढे आपली आणि कॅमेऱ्यामागेही आपली. थेटरात लागली नाहीत, लागली तर एखादा आठवडा. मी इतकी वर्षं हीच रिळं साफ करतो, चिकटवतो. तुम्हाला कधीच काही पाठवलं नाही. का, ते मलाही माहीत नाही. डॅडींनी मला पोलादाच्या कारखान्यात चिकटवलं होतं आणि मी रिळं चिकटवायला पळून आलो, त्यामुळे असेल.

यात तुला कुणाला कॅन्सस सिटीला पाठवावं लागणार नाही.

एक काम कर. बघून झालं की मला लिही. काय घडलं ते नको, ते मला माहीत आहे. काय दिसलं ते लिही. सावकाश लिही.

डॅडींना सांग, मी विचारलंय.

थर्मन

*

गॅरी
२० ऑक्टोबर १९९१

थर्मन,

मी माणूस मागितला आणि तू खोका पाठवलास.

कॅसेटींवरची नावं वाचता आली नाहीत. ओळी एकमेकींवर चढल्यात. शाळेत तुझं अक्षर छापल्यासारखं होतं, मिस टॉलिव्हर सगळ्या वर्गाला दाखवायची. एवढी कसली घाई असते तुला? शेवटी डॅडींनीच हात घालून एक काढली.

ती फिलाडेल्फियाची निघाली. एक बाई शनिवारी आपल्या स्वयंपाकघरात शेजारणींचे केस सरळ करून देते. बस, एवढंच. एक जाते, दुसरी येते. शेगडीवर कंगवा तापतो. मी सांगायला सुरुवात केली, "डॅडी, एक स्वयंपाकघर आहे..." ते म्हणाले, "कंगवा चरचरला, ऐकलं. कान धर म्हणाली पोरीला, तेही ऐकलं. तू पुढचं सांग." पुढचं काही नव्हतंच.

थोड्या वेळानं बघते तर खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेत.

"डॅडी, काय होतंय?"

"कधी आहे?"

"काय कधी आहे?"

"तो मघाशी आत आला ना, तिचा नवरा. त्याला कधी मारतात?"

"त्याला कुणी मारत नाही. सोफ्यावर झोपलाय."

"झोपेत मारतील."

शेवटपर्यंत तसेच बसले. पिक्चर संपलं, नावं आली. मी म्हटलं, "झालं डॅडी, सगळे जिवंत आहेत." तर हसायला लागले. "खरे जिवंत, का कॅन्सस सिटीवाले?"

म्हणजे माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. म्हणतात, "अगं, गोळीचा आवाज येतो, माणूस धपकन पडतो, पुढे त्याचा आवाज बंद. डोळे गेलेत, कान गेलेत का? तू एवढं जीव तोडून सांगत होतीस, म्हटलं जाऊ दे बिचारे कॅन्सस सिटीला."

सहा वर्षं मी मेहनत करत होते आणि ते मला सांभाळून घेत होते. हसावं का उशी फेकून मारावी, कळेना.

ते हात मात्र रात्री झोपतानाही दुखत होते त्यांचे. चोळून दिले.

काय दिसलं म्हणतोस. बाईच्या शेगडीमागे भिंतीवर तेलाचा डाग आहे, आपल्यासारखाच. तो पिक्चरमध्ये कसा काय राहू दिला, ह्याचंच मला नवल वाटलं. कुणी पुसला नाही.

जानेवारीचं तू काहीच लिहिलं नाहीस.

व्हेल्डा

*

ओकलंड
९ नोव्हेंबर १९९१

व्हेल्डा,

हे टाइप करतोय, चालवून घे.

तेलाच्या डागाचं वाचून बरं वाटलं. कसा आहे तो डाग? उभा का पसरट? खिडकी कुठल्या बाजूला आहे? शेवटी ती छोटी मुलगी आरशासमोर बसते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर उजेड कुठून येतो? आणि बाई तिच्याकडे बघते का आरशातल्या तिच्याकडे? एवढं सांगच.

पिक्चर काढणारी बाई फिलाडेल्फियाचीच. घर तिच्या मावशीचं, गिऱ्हाइकं खरी. हे एकच पिक्चर काढलं तिनं. दुसऱ्याला कुणी पैसे दिले नाहीत. आता शाळेत शिकवते. एकदा इथे आली होती. मी तिला तिचंच रीळ दाखवलं, तर म्हणाली, किती लहान होते मी.

इथे थंडी नाही. गाडी विकून टाकली. या शहरात गाडी चालवणं म्हणजे कटकट. बसनं जातो.

आणखी एक कॅसेट पाठवतोय. ही फार जुनी आहे, मुकी. डॅडी लहान असतानाची. आपल्याच एका कंपनीनं काढलेली. मध्ये मध्ये अक्षरं येतात, ती वाचून दाखव. सगळे जमाल तेव्हा लाव.

थर्मन

*

गॅरी
३० नोव्हेंबर १९९१

थर्मन,

गॅस कंपनीची नोटीस आली असं वाटलं. पाकीट फोडलं तर तू. सख्ख्या बहिणीला टाइप करून पत्र लिहितात? आणि खाली प्रश्नांची यादी. डाग उभा का पसरट! मी काय कॉलेजात परीक्षेला बसले आहे?

पसरट. खिडकी डावीकडे. बाई आरशात बघते, मुलीकडे नाही. झालं समाधान?

थँक्सगिव्हिंगला सगळे आपल्याकडे होते. अर्लीन, तिचा नवरा मोझेल, तिन्ही नातवंडं. टर्की अर्लीननं आणली, कोरडी. बाकी मी. जेवण झाल्यावर फुटबॉल लावायला मोझेल उठला तर डॅडी म्हणाले, "आज थर्मननं पाठवलेलं लागेल." मोझेल तोंड पाडून बसला.

मुकं पिक्चर. आवाजच नाही. मला वाटलं, आता ह्यांना काय कळणार, आणि सगळं मलाच बोलावं लागणार. पहिली अक्षरं आली. मी वाचली, "डॉक्टर होऊन लीटा आपल्या गावी परतते." डॅडी एकदम ताठ बसले.

"मोठ्यानं वाच. मिस यूला वाचायची तसं."

"कोण मिस यूला?"

मग त्यांनी सांगितलं. आर्कान्सामध्ये, ते दहा वर्षांचे असताना, एक आपलाच माणूस मोटारीतून रिळं घेऊन यायचा. चर्चमध्ये चादर टांगायचा. अर्ध्या लोकांना वाचता येत नव्हतं म्हणून मास्तरीणबाई पुढे उभी राहून अक्षरं वाचायची, आणि सगळं चर्च उत्तर द्यायचं. प्रवचनाला देतात तसं.

अर्लीन म्हणाली, "काका, तेव्हा कुठली आली आपली पिक्चरं? तुम्ही स्वप्नात बघितली असतील."

"आपले काउबॉय होते. आपले बँकवाले होते. आपला एक विमानवाला होता."

"मग गेले कुठे सगळे?"

"मला काय माहीत? मी भट्टीवर होतो."

पडद्यावर तेवढ्यात तो हिरो डोळे फिरवत छातीवर हात मारायला लागला. मोझेल म्हणाला, "ह्याच्या पोटात दुखतंय." मुलं लोळायला लागली. मीही हसले. खरंच वाईट काम करतो रे तो.

डॅडी म्हणाले, "हसा. पण मोटार कोण चालवतंय ते सांग मला, व्हेल्डा."

"तोच. स्वतः."

"कुणाची मोटार?"

"त्याची असावी. मागे कुणी गोरा साहेब बसलेला नाही."

"तेच." एवढंच म्हणाले.

मी वाचत गेले. "सावकाराचा मुलगा लीटाला मागणी घालतो." डॅडी म्हणाले, "नको गं बाई!" पुढच्या अक्षरांना अर्लीन ओरडली, "त्याच्या डोळ्यांत बघ, खोटं बोलतोय मेला!" त्यापुढे मोझेलसुद्धा. शेवटी शेवटी माझं वाचणं ऐकूच येत नव्हतं. त्या अर्ध्या तासात डॅडींना काहीही सांगावं लागलं नाही. मुलं त्यांच्या मांडीवर चढून त्यांना सांगत होती, आणि तिघंही वेगवेगळं.

ते गेल्यावर भांडी घासताना गुडघा अचानक गेला. टर्कीचा ट्रे हातात होता. पडले नाही, ओट्याला धरलं. ट्रे पडला. डॅडी आतून ओरडले, "कोण मेलं?" म्हटलं, "टर्की."

तारीख मिळाली आहे. १३ जानेवारी. हो का नाही, एका शब्दात लिही. टाइप केलंस तरी चालेल.

व्हेल्डा

*

ओकलंड
११ डिसेंबर १९९१

व्हेल्डा,

नाही जमणार. कामाचं फार आहे.

डॅडींसाठी दिवसाची नर्स ठेवता येईल का? अर्धे पैसे मी देतो. चर्चमधल्या बायकांना विचारून बघ.

मागच्या खोक्यात एक हिरव्या झाकणाची कॅसेट आहे, किनाऱ्यावरच्या घरातल्या नवराबायकोची. ती अजून लावली नसशील तर लाव. त्यात ती बाई व्हरांड्यात उभी राहते, बराच वेळ. तिच्या चेहऱ्याचं लिही.

रागावू नकोस.

थर्मन

*

गॅरी
२२ डिसेंबर १९९१

मुला,

मी तुझा बाप बोलतोय. लिहितेय व्हेल्डा. ती तुझ्यावर इतकी चिडली आहे की स्वतःचं लिहायला तयार नाही. माझं लिही म्हटलं तर नाही म्हणता आलं नाही तिला.

(मी फक्त हात आहे. व्हे.)

तुझं किनाऱ्यावरचं पिक्चर परवा लावलं. जेवण लवकर झालं होतं. व्हेल्डा सांगायला लागली, समुद्र आहे, घर आहे, नवरा जाळं विणतोय. मग तिचा आवाज हळू झाला. मग बंद. मला वाटलं, पिक्चरमध्येच काही बोलण्यासारखं नसेल. नंतर घोरणं ऐकू आलं. मी काही उठवलं नाही. तिला मी किती दिवसांत अशी झोपलेली ऐकली नव्हती.

(मी घोरत नाही.)

घोरते. तर मी एकटाच बसलो. माणसं बोलतात ती तुझ्या आईच्या माहेरच्यांसारखी बोलतात. लाटा होत्या. जिन्याची पायरी वाजायची, एक विशिष्ट पायरी, तेव्हा मला कळायचं बाई खाली आली. सगळ्याचा अर्थ लागला मला. पिक्चर संपेपर्यंत मी ते एकट्यानं पाहिलं. डोळे गेल्यापासून पहिल्यांदा.

सकाळी न्याहारीला मी तिला पिक्चर सांगितलं. की ती बाई शेवटी नवऱ्याला सोडून गेली, आणि तो दारात उभा राहिला. व्हेल्डा म्हणाली, असं होणारच नाही. कॅसेट मागे नेऊन बघितली, तर बाई दुकानात मीठ आणायला गेली होती. नवरा दारात उभा होता कारण दार बसत नव्हतं, ते ठोकत होता.

(खरं आहे. मी हसून हसून गुडघा धरला.)

माझं मला आवडलं. पण ते असो. मला तुझ्याशी दुसरं बोलायचं आहे.

तुझी पत्रं व्हेल्डा मला वाचून दाखवते. तिला वाटतं तू शिष्ट झालास. मी आधी काही बोललो नाही. तिनं मला सांगितलं, अक्षर बिघडलंय. मग टाइप केलेलं आलं. तू फौजेत कारकून होतास, तुला बोटांनी टाइप येतं, न बघता. मग गाडी विकली. म्हणे कटकट. माझी ब्यूक गाडी मीही कटकट म्हणूनच विकली होती. तुझी आई सहा महिने तेच समजत होती. आणि मी तिला खिडकीशी उभा राहून गमतीत विचारायचो, तो माणूस कसा दिसतो गं तुला, टोपी कुठली घातली आहे त्यानं? ती म्हणायची, म्हातारपणी चौकस झालात.

जी पिक्चरं तुझी पाठ आहेत, त्यातली खिडकी कुठल्या बाजूला आहे ते तू बहिणीला विचारतोस.

किती दिसतं तुला?

(थर्मन, हे लिहीपर्यंत मला माहीत नव्हतं ते काय बोलणार आहेत.)

ओथा प्रुइट

*

ओकलंड
२ जानेवारी १९९२

डॅडी, व्हेल्डा,

उजव्या डोळ्यानं एप्रिलपासून काहीच नाही. डाव्यानं उजेड दिसतो, दार दिसतं, माणूस आला तर माणूस आहे एवढं दिसतं. लेझर दोनदा झालं. शुगर मला आठ वर्षं आहे. तुम्हाला सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्यापर्यंत मी रिळं बोटांनीच दुरुस्त केली. फाटलेली कड बोटाला लागते. कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एक रीळ उलटं जोडलं. त्यातली माणसं उलटी चालायला लागली, आणि ते सगळ्यांच्या लक्षात आलं. आता मी पुढच्या टेबलावर बसतो. लोक येतात, कुठलं पिक्चर हवं ते विचारतात, मी आठवून सांगतो. कामाचं फार आहे हे खोटं होतं.

कॅसेटी पाठवल्या कारण त्या माझ्या काही उपयोगाच्या राहिल्या नव्हत्या. आणि व्हेल्डा सांगायला लागली तर मला पुन्हा बघता येतील म्हणून. तेलाचा डाग मला आधी कधी दिसला नव्हता. पंधरा वर्षं ते रीळ माझ्या हातात होतं. तुझी पत्रं इथली एक मुलगी मला वाचून दाखवते. ती म्हणते, तुमची बहीण कायम रागावलेलीच असते का?

येत नव्हतो ते ह्यासाठी. तू एकाला सांभाळून थकली आहेस. दारात दुसरा उभा राहिला तर तू गुडघा घेऊन दवाखान्यात जाणारच नाहीस. मी तुला ओळखतो. तू दोन ताटं वाढायला लागशील.

म्हणून नाही म्हटलं.

थर्मन

*

गॅरी
७ जानेवारी १९९२

थर्मन,

पत्र स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. डॅडींना वाचून दाखवताना दोनदा थांबले. नंतर ते स्वतःच उठून भिंतीला धरत बाथरूमला गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

मी तुला बोलणार आहे, पण आत्ता नाही. आत्ता ताकद नाही.

ये. अकरा तारखेपर्यंत पोच. विमानतळावर चाकांच्या खुर्चीनं सोडायला सांग, लाजू नकोस. मोझेल घ्यायला येईल.

तू म्हणतोस मी जाणार नाही. मी जाणार आहे. दोन दिवस मी नुसता बसून विचार केला, आणि मला कळलं, मी इतकी थकले आहे की तुम्ही दोघं घर पेटवून दिलंत तरी मी जाणार आहे. जेवण चर्चच्या बायका पाळीपाळीनं आणून देतील. इंजेक्शन डॅडी स्वतः टोचून घेतात, फक्त भरून मोझेल देईल, कामावरून येता-जाता. पायांची बोटं तू हातांनी तपास. त्यांची, आणि तुझीही. फाटलेली कड बोटाला लागते म्हणालास ना.

फोन करू नका. मला झोपायचं आहे. फारच काही झालं तर मोझेलजवळ चिठ्ठी द्या.

अक्षर कसंही असलं तरी हातानं लिही.

व्हेल्डा

*

गॅरी
२९ जानेवारी १९९२

व्हेल्डा,

मोठ्या अक्षरांत लिहितोय, एका पानावर सहा ओळी बसतात. त्यामुळे पानं जास्त झाली. मोझेल हसला. काही झालेलं नाही. दोघंही बरे आहोत. तू चालायला लागलीस असं तो म्हणाला. डॅडींनी विचारलं, "कशी चालते?" मोझेल म्हणाला, "ओरडत ओरडत."

पहिले तीन दिवस आम्ही एकमेकांवर आदळलो. आता दारातून जाताना दोघंही खाकरतो. काल चर्चच्या मिसेस गॅथर्सनं घेवडा आणि कॉर्नब्रेड आणलं. आमच्याकडे बघून तिला रडू आलं. डॅडी म्हणाले, "बाई, मीठ कमी आहे, रडायचंच असेल तर भांड्यात रड." ती चिडून गेली, पण उद्या येणार आहे.

डॅडी माझ्याशी कारखान्याचं अजून बोललेले नाहीत, आणि माझ्या कामाचंही नाही. काल बोटं तपासताना एवढंच म्हणाले, "हात बरे आहेत तुझे." मग पाय मागे घेतला.

संध्याकाळचं सांगतो. ओकलंडहून निघताना संग्रहालयातल्या त्या मुलीनं मला तिनं स्वतः काढलेलं पिक्चर दिलं. नवीन आहे, अजून कुणाला दाखवलेलं नाही. तुझी पत्रं वाचून दाखवायची तीच ती. मला त्यात काय आहे ते माहीत नाही. डॅडींनाही नाही. काल ते लावलं. मी पडद्याच्या अगदी जवळ बसलो, डावा डोळा लावून. हलतंय एवढं दिसतं. डॅडी खुर्चीत.

डॅडी म्हणाले, "बाई आहे. आगगाडीची वाट बघतेय."

मी म्हटलं, "आगगाडी नाही, ते कपडे धुण्याचं मशीन आहे."

"स्टेशनवर मशीन?"

"डॅडी, स्टेशन कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मग तू सांग, डोळेवाला आहेस ना."

पुढे एका ठिकाणी ती बाई एकटी असते आणि तिचा श्वास ऐकू येतो, तुटत तुटत. डॅडी म्हणाले, हसतेय. दाबून हसतेय, चर्चमध्ये हसतात तसं. मी म्हटलं, रडतेय. मागे नेऊन पुन्हा लावलं. मी पांढरं काहीतरी बघितलं, दात असतील, नाहीतर रुमाल. पुन्हा लावलं. डॅडी म्हणाले, "व्हेल्डाला विचारू. मोझेलकडे फोन लाव."

मी म्हटलं, "नाही. तिला झोपू दे."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "बरं. लाव पुन्हा."

सांगायचं ते एवढंच. डॉक्टरनं आणखी दोन आठवडे तिथेच राहा म्हटलं असेल तर राहा, तीन म्हटलं तर तीन. घाई करू नकोस. आम्ही दोघं अजून त्या बाईपाशीच आहोत.

थर्मन